साडेचारची सावली

खड्डे खणायच्या आदल्या दिवशी मी जागेवर बांबू उभे करते. चार उभे, चार आडवे, सुतळीनं आवळलेले, आणि वर वाशांच्या जागी पुठ्ठ्याच्या लांब पट्ट्या. बागेतले पर्गोला, म्हणजे खांबांवर तोललेली वाशांची उघडी छतं, वेलींच्या कमानी, बसायचे मांडव अशी लाकडी कामं करायला लागून बरीच वर्षं झाली, तरी हा खेळ मी सोडलेला नाही. गिऱ्हाइकाला तो पोरकट वाटतो. माझ्याबरोबरच्या मिस्त्रींनाही पहिली दोन वर्षं वाटायचा, आता ते गाडीत हत्यारांच्या आधी बांबू भरतात.

ज्या दिवसाबद्दल लिहितेय त्या दिवशी मात्र हा नुसता उपचार होता, कारण चित्र पक्कं झालं होतं. बैठं घर, उतरतं छप्पर, मागची बाग पश्चिमेला. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यांना फार चालवत नव्हतं, म्हणून काकांना घराला लागूनच पर्गोला हवा होता. बैठकीच्या खोलीला मोठी खिडकी होती, तिच्या बरोब्बर समोर. मी 12 फूट लांब, भिंतीपासून 10 फूट बाहेर आणि 8 फूट उंच असा काढला. पुढचे दोन खांब खिडकीच्या दोन कडांच्या अचूक रेषेत. चित्र इतकं जमलं होतं की मी ते कारण नसताना दोघातिघांना दाखवलंही होतं.

पहिल्या भेटीत मी विचारलं होतं, तिथं बसणार कधी?

"दिवसभरात केव्हाही हो," काका म्हणाले, आणि मी ते उत्तर वहीत लिहून घेतलं. हे उत्तर नव्हे, हे तेव्हाच कळायला हवं होतं. दिवसभरात केव्हाही कुणीच कुठे बसत नाही. शिवाय ज्यांच्यासाठी हा सगळा घाट, त्या काकू तेव्हा आत झोपल्या होत्या आणि मी त्यांना भेटलेसुद्धा नव्हते.

सकाळी दहाला मिस्त्रींनी ओळंबा सोडून बांबू सरळ केले. बारा-साडेबाराला सावली अशी देखणी पडली की काय सांगू! पट्टे-पट्टे, बरोबर आखलेल्या चौकोनात. काका खुर्ची घेऊन मधोमध जाऊन बसले आणि मान वर करून पुठ्ठ्यांकडे बघत राहिले. "झालं तर मग, उद्या खड्डे!"

मिस्त्रींनी एकदा सूर्याकडे बघितलं, एकदा भिंतीकडे. "मॅडम, चारला एकदा बघू."

मला दुसऱ्या कामावर जायचं होतं. चार वाजेपर्यंत तिथं थांबायची माझी अजिबात इच्छा नव्हती, आणि ती चेहऱ्यावर दिसलीही असणार. पण तेवढ्यात खिडकीतून हाक आली.

"अगं ए, ती मधली काठी आहे ना, ती जरा वर घेता येईल का? नाहीतर खाली तरी घ्या."

मधली काठी म्हणजे पुढची तुळई. बाहेरून ती मधली नव्हतीच, सगळ्यात पुढची होती. काकू म्हणतात ती कुठली हे मला बाहेर उभं राहून कळेना, म्हणून आत गेले. त्या उठल्या आणि भिंतीला धरून उभ्या राहिल्या. "बस इथं, म्हणजे दिसेल."

त्यांच्या खुर्चीत बसले आणि दिसलं.

बागेच्या वायव्य कोपऱ्यात एक जुना चाफा होता, 18 फुटांच्या आसपास उंच. बागेत उभं राहून मी तो दहा वेळा बघितला होता, मोजलाही होता, नकाशावर गोल काढून शेजारी 'चाफा' असं लिहिलंही होतं. पण या खुर्चीतून तो पूर्ण दिसायचा, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत, चौकटीत बसवल्यासारखा. आता माझी तुळई त्याच्या बरोबर कमरेवरून गेली होती. बसलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून पावणेचार फुटांवर असतो. खुर्चीपासून 16 फुटांवर साडेसात फूट उंचीला आडवं लाकूड आलं, की 30 फुटांवरचं झाड साधारण 11 फुटांवर कापलं जातं. आणि चाफ्याच्या फांद्या तिथंच फुटत होत्या. वरचा सगळा फुलोरा वाशांच्या मागे, खाली नुसता बुंधा.

"मी दिवसभर इथंच असते," काकू म्हणाल्या. तक्रारीचा सूर नव्हता, पत्ता सांगावा तसं सांगितलं.

मी तिथंच बसून आकडेमोड केली. शेंडा मोकळा दिसायला तुळई साडेअकरा फुटांवर न्यावी लागली असती. ती घराच्या वळचणीच्याही वर, म्हणजे बैठ्या घरापुढे देवळाचा सभामंडप. खाली घ्यावी तर माणसाचं डोकं आपटणार. वर की खाली, या काकूंच्या प्रश्नाला उत्तर नव्हतं.

"आणि बाहेर कधी बसाल तुम्ही?"

"दुपारी पडते जरा. साडेचारला उठते, मग दिवेलागणीपर्यंत."

साडेचार. बागेची बाजू पश्चिम. मी मुकाट्यानं बाहेर आले आणि दुसऱ्या कामावर फोन करून उद्या येते म्हणून सांगितलं.

मिस्त्रींना जे नुसतं बघून कळलं होतं, ते मला साडेचारला डोळ्यांनी दिसलं. डोक्यावरच्या छताची सावली छताखाली पडते ती ऊन डोक्यावर असताना. ऊन 45 अंशांवर उतरलं की सावली उंचीएवढीच लांब सरकते, 30 अंशांवर उतरलं की उंचीच्या पावणेदोनपट. 8 फुटांच्या पर्गोलाची सावली म्हणजे 14 फूट लांब, आणि मध्ये 10 फुटांवर तर भिंतच होती. काका हौसेनं पुन्हा त्याच खुर्चीत जाऊन बसले होते, एक हात कपाळावर आडवा धरून, डोळे बारीक करून. आणि पुठ्ठ्यांचे ते देखणे पट्टे जमिनीपासून दोन फुटांवर सुरू होऊन भिंतीवर चढले होते, थेट खिडकीवर. बसायची जागा तापलेली आणि बैठकीची खोली अंधारलेली.

"भिंतीला सावली झाली," मिस्त्री म्हणाले. हसले नाहीत, हे त्यांचे उपकार.

वर दाट वेल सोडली तरी यात काही फरक पडत नाही. पट्ट्या जवळजवळ ठोकल्या तरी नाही. मावळतीचं ऊन छताखालून बाजूनं आत येतं, ते बाजूनंच अडवावं लागतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही, मी दुसऱ्यांना समजावून सांगते. पण खांब खिडकीच्या रेषेत बसले या आनंदात हे विचारात घ्यायचंच राहून गेलं. घराला शोभेल असं काढताना मी घराकडे रस्त्यावरून बघत होते. रस्त्यावर राहतं कोण?

मग आम्ही बांबू उचलून फिरलो. एकेका खांबाला एकेक माणूस. काकाही एका बांबूला. काकू खिडकीत बसून हातानं दाखवत होत्या, आणखी डावीकडे, आणखी, आणखी, हां, आता बास. आमचा सांगाडा खिडकीसमोरून पार दक्षिणेला सरकला, भिंतीपासूनही 6 फूट सुटा झाला, तेव्हा कुठे चाफा मोकळा झाला. पश्चिमेच्या बाजूला मी एक जुनी चादर टांगली. पाच वाजले होते. चादरीमागे सगळीकडे सावली. काठी टेकत टेकत काकू बाहेर आल्या, त्या सावलीत बसल्या आणि म्हणाल्या, "पण आता इथून चाफा कुठे दिसतोय?"

खरंच दिसत नव्हता. चादर आड येत होती.

त्या रात्री जे काढलं ते माझ्या आवडत्या कामांपैकी आहे. पश्चिमेला 10 फुटांचा उभ्या पट्ट्यांचा पडदा, पण पट्ट्या समोर तोंड करून नाहीत, 45 अंश वळवलेल्या, नैर्ऋत्येला तोंड करून. साडेतीन इंच रुंद, पाऊण इंच जाड, मध्यापासून मध्यापर्यंत सव्वादोन इंच. अशा वळवल्या की सरळ पश्चिमेकडून बघणाऱ्याला फट दिसत नाही, एक पट्टी दुसरीला झाकते, म्हणून ऊनही आत शिरत नाही. आणि आत बसून वायव्येकडे बघितलं की सगळ्या फटी एकदम उघडतात. जूनमध्ये सूर्य वायव्येकडे सरकून मावळतो आणि तेव्हा त्या फटींतून ऊन यायचं खरं, पण त्या दिशेला मध्ये चाफा उभा आहे, आणि त्या दिवसांत तो पानांनी भरलेला असतो.

घराशी नातं जोडायला फार काही करावं लागलं नाही. छपराचा उतार घराचाच घेतला, उंची वळचणीच्या खाली ठेवली, आणि घराच्या वाशांची टोकं ज्या तिरकस कोनात कापली होती त्याच कोनात आमचीही कापली. खांब तेवढे कागदावरच्या 4 इंचांचे 6 इंच केले. उघड्यावर, मागे आकाश असलं की लाकूड आहे त्याहून बारीक दिसतं. घरात दणकट वाटणारा खांब बागेत काडीसारखा वाटतो. पडदा म्हणजे वाऱ्याला शीडच, त्यामुळे त्या बाजूचे पाये जास्त खोल घेतले.

मिस्त्रींनी चित्र बघून आधी पट्ट्या मोजल्या. "त्रेपन्न. म्हणजे एकशे सहा टोकं."

टोकांची ही मोजणी आमच्यात मुरलेली आहे. लाकूड पाणी पितं ते अंगानं थोडं, टोकानं फार. झाडात पाणी ज्या नळ्यांतून वर चढायचं त्या टोकाला उघड्याच असतात. म्हणून प्रत्येक कापलेलं टोक रंधून, कड मोडून, लेप जिरेपर्यंत दोनतीनदा भिजवावं लागतं. माझ्या अगदी पहिल्या पर्गोलाचे खांब मी थेट काँक्रीटमध्ये गाडले होते. वरून मजबूत, पण खाली लाकूड सुकून आक्रसलं, काँक्रीटशी बारीक फट पडली, पावसाचं पाणी तिथं शिरलं आणि बाहेर पडायला वाटच नाही. लाकडातला ओलावा 20 टक्क्यांच्या वर टिकून राहिला की बुरशीला मोकळं रान. काही वर्षांनी मालकांनी बोलावलं, मी खांबाच्या पायात पटाशी टेकवली, आणि ती लोण्यात जावी तशी गेली. तेव्हापासून माझे खांब लोखंडी बुटात उभे असतात, जस्ताचा मुलामा दिलेल्या, जमिनीपासून दीड-दोन इंच वर. "पाय अधांतरी दिसतात," असं प्रत्येक गिऱ्हाईक म्हणतं. या काकांनीही म्हटलं. दिसू देत.

सागवान आलं तेव्हा मिस्त्रींनी गाभ्याचं वेगळं आणि कडेचं फिकट वेगळं असं निवडलं. फिकट भाग त्याच झाडाचा असला तरी टिकत नाही, बाहेर तर नाहीच. त्यातून बाद झालेल्या फळ्यांवरून आमचं थोडं वाजलं, पुरवणाऱ्याशी जास्त वाजलं. ते सोडून देते.

पडदा उभा राहिला त्या दुपारी काकू साडेचारच्या ठोक्याला बाहेर आल्या. उजवीकडे बघितलं, चाफा दिसला, मान हलवली. मी आणि मिस्त्री कौतुकाची वाट बघत उभे. काकू डोकं थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे करत सरळ समोर बघायला लागल्या.

"अगं, फाटक दिसत नाही गं यातून. कोण आलं गेलं कळायला नको?"

फाटक सरळ पश्चिमेला होतं. जिथून ऊन अडवायचं नेमकं तिथंच. मी त्यांना पट्ट्यांचा कोन समजावून सांगायला लागले, चित्र काढून दाखवलं, सूर्य इथे, तुम्ही इथे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "ते झालंच. पण दोन काढल्या तर?"

मी मिस्त्रींकडे बघितलं. ते स्क्रू काढायला गेलेही होते. मधल्या दोन पट्ट्या निघाल्या, तळहाताएवढी फट पडली, आणि तिच्यातून उन्हाचा एक पट्टा सरळ आत आला तो काकांच्या मांडीवर. त्यांनी खुर्ची सरकवली. अर्ध्या तासानं पट्टा पुन्हा त्यांच्यापाशी आला, त्यांनी पुन्हा सरकवली. काकूंनी फाटकाकडे नजर लावलेली, त्यांच्या अंगावर ऊन नव्हतं.

मिस्त्रींनी त्या दोन पट्ट्या काखेत मारून गाडीत ठेवल्या. "चार टोकं फुकट भिजवली," म्हणाले, आणि बांबू भरायला लागले.