मिठावरची धावपट्टी

अमेरिकेच्या युटा राज्यातल्या बॉनव्हिलच्या सपाट मिठागरावर वेगाच्या विक्रमांसाठी गाड्या पळवतात. तिथे हिवाळ्यात पाणी साचतं आणि उन्हाळ्यात आटतं. उरलेल्या मिठावर षट्कोनी कंगोरे उठतात. ते खरवडायला ट्रकमागे जड लोखंडी तुळई बांधून शर्यतीच्या पट्टीवरून पुन्हा पुन्हा सावकाश फिरवतात. घाई इथेच नडते: मीठ ओलं असताना तुळई फिरवली की थर फाटतो, खालचा चिखल वर येतो आणि ती जागा त्या हंगामापुरती गेलीच म्हणा. म्हणून आधी ठिकठिकाणी भोकं पाडून थराची जाडी बघावी. मग मैलाचे फलक, दिशेसाठी गडद रेघ. शर्यत सुरू झाल्यावर घसरत्या चाकांनी चर पडतात; पट्टी पुन्हा ओढावी लागते. पावसापुढे मात्र इलाज नाही, 2014ची स्पीड वीक, म्हणजे इथली वार्षिक वेगाची स्पर्धा, त्यानेच बुडवली.