‘दंड भरा नि सुटा’ हे आम्ही का ऐकलं नाही

माझं माहेर चंदगडचं, सासर कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं. शिक्षण सगळं मराठीतून, कन्नड लग्नानंतर बाजारहाटापुरतं आलेलं. घरावर फौजदारी केस झाली तेव्हा फाइल माझ्याकडे आली, कारण मिस्टर गोव्यात नोकरीला आणि मामंजींना कोर्टाचे जिने झेपत नव्हते. आरोपी दोघे: मामंजी आणि माझे धाकटे दीर. आमच्या भागात बांधावरून, पाण्यावरून, वाटेवरून झालेल्या अशा केसेस कितीतरी घरांत आहेत. माणसं वर्षानुवर्षं तारखेला जातात, हजेरी लावतात आणि परत येतात. आपल्यावर नेमका काय आरोप आहे, तो सिद्ध झाला तर पुढे काय, हे त्यांना कुणी बसवून सांगत नाही. म्हणून, आणि ‘गुन्हा कबूल करा, दंड भरा नि सुटा’ हा सल्ला आम्ही का मानला नाही ते सांगायला, हे लिहिते आहे.

भांडण भाऊबंदांचंच. रोप लावणीच्या दिवसांत बांध कोरल्यावरून शब्द वाढला आणि हातघाईवर आलं. चुलत सासऱ्यांच्या दंडाला विळा लागला, मामंजींच्या डोक्यात काठी बसली. दोन्हीकडची माणसं सरकारी दवाखान्यात गेली आणि दोन्हीकडून फिर्याद झाली. एक केस आमच्यावर, एक त्यांच्यावर. याला इथे सगळे काउंटर केस म्हणतात.

एफआयआर कन्नडमध्ये होता. बेळगावचे वकील आम्हाला नात्यातल्या एकांनी सुचवले होते. त्यांनी पहिल्याच भेटीत माझ्याकडे वही आहे का विचारलं आणि एकेक कलम मराठीत लिहून घ्यायला लावलं. भारतीय दंड संहितेचं ३२३ म्हणजे साधी दुखापत, एक वर्षापर्यंत कैद. ३२४ म्हणजे धारदार किंवा घातक हत्याराने दुखापत, तीन वर्षांपर्यंत. ५०४ चिथावणीखोर अपमान, ५०६ धमकी (जिवे मारण्याची वगैरे नसेल तर), दोन्हींना दोन वर्षांपर्यंत. आणि ३४ म्हणजे सगळ्यांचा इरादा एक होता, म्हणून एकाने केलेल्या कृत्याची जबाबदारी बाकीच्यांवरही. मामंजींनी विळा हातात घेतला नव्हता, तरी त्यांच्यावर ३२४ का, हे त्या ३४ मुळे कळलं.

आमचं भांडण १ जुलै २०२४ च्या आधीचं, म्हणून जुना कायदा. त्या तारखेपासून घडलेल्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहिता लागते आणि आकडे बदलतात: ३२३ च्या जागी ११५(२), ३२४ च्या जागी ११८(१), ५०४ च्या जागी ३५२, ५०६ च्या जागी ३५१, ३४ च्या जागी ३(५). कुठला कायदा लागायचा हे घटनेच्या तारखेवर ठरतं, चार्जशीट कधी आलं यावर नाही.

दुसरी गोष्ट वकिलांनी विचारली ती दवाखान्याच्या सर्टिफिकेटची. जखम साधी की गंभीर, हे त्या एका कागदावर ठरतं. हाड मोडलं, दात पडला, किंवा वीस दिवस माणूस वेदनेने हैराण झाला वा रोजची कामं करू शकला नाही, तर जुन्या कायद्यात ती गंभीर दुखापत (नव्या कायद्यात हे दिवस पंधरा केले आहेत). मग कलम ३२५ किंवा ३२६ होतं आणि शिक्षेचा आकडा एकदम वर जातो. चुलत सासऱ्यांच्या दंडाचा एक्स-रे साफ होता. त्या कागदाने आमची केस आटोक्यात ठेवली, असं मी आजही मानते.

अटक झाली नाही. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी सरसकट अटक करू नये, आधी नोटीस देऊन बोलवावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार खटल्यात बजावलेलं आहे. दिरांना नोटीस आली, ते हजर राहिले, जबाब झाला. पुढे कोर्टात जामीन घेतला, त्याला जामीनदार लागले. आमच्या मावससासूंचे दीर आपला जमिनीचा उतारा घेऊन कोर्टात उभे राहिले, ते उपकार घर विसरणार नाही. जामीनदार होणं म्हणजे नुसती सही नव्हे. आरोपी तारखेला आला नाही तर जामीनदाराकडून बाँडची रक्कम वसूल होऊ शकते.

चार्जशीट दाखल झाल्यावर त्याची आणि सोबतच्या सगळ्या जबाबांची प्रत आरोपीला फुकट मिळते, हा हक्क आहे. ती प्रत मी घरी आणली आणि आमच्या गल्लीतल्या कन्नड शाळेत शिकलेल्या मुलीला शेजारी बसवून ओळ न् ओळ वाचून घेतली. साक्षीदारांचे जबाब, पंचनामा, विळा जप्त केल्याची नोंद. साक्षीदाराने पोलिसांपुढे दिलेला जबाब म्हणजे पुरावा नव्हे, त्यावर त्याची सहीसुद्धा घेता येत नाही. कोर्टात शपथेवर तो काय बोलतो आणि उलटतपासणीत टिकतो का, ते मोजलं जातं. हे कळलं आणि सासूबाईंना पहिल्यांदा नीट झोप लागली. कागदावरचा आरोप वाचून त्यांनी मुलगा तुरुंगात गेल्यातच जमा धरला होता. माहेरी जाताना बस हिंडलग्यावरून जाते, त्या जेलची भिंत दिसली की माझ्याही पोटात गोळा यायचा, ते खोटं कशाला सांगू.

मग आला दोषारोप ठेवण्याचा दिवस, आणि मला मुख्य सांगायचंय ते इथेच.

त्या दिवशी न्यायाधीश आरोप वाचून समजावतात आणि आरोपीला विचारतात, गुन्हा कबूल आहे का. त्याच्या आधीच्या आठवड्यात आमच्या घरी सल्ल्यांची रांग लागली होती. “कशाला वर्षं घालवतासा? कबूल म्हणा, दंड भरा नि सुटा की. जेल थोडीच देणार आहेत एवढ्याला?” सांगणारे परके नव्हते. त्यांतल्या काहींनी स्वतः असंच केलं होतं आणि त्या दिवशी घरी येऊन जेवले होते. मामंजींनाही ते पटत होतं. लावणीच्या दिवसांत गडी बसवून कोर्टात जाणं त्यांना अंगावर येत होतं.

वकिलांनी दिरांना समोर बसवलं आणि म्हणाले, “तुम्हाला सैन्यभरतीला जायचंय ना? मग हे ऐका.” दंड पाचशेचा असो की पाच हजारांचा, तो भरला म्हणजे दोष सिद्ध झाला. रेकॉर्डवर ‘शिक्षा झालेला’ असंच राहणार. दंड भरून केस संपते, पण शिक्षेची नोंद संपत नाही. आमच्याकडची पोरं दहावीपासून पहाटे धावायला जातात ती बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचं मैदान डोळ्यांपुढे ठेवून. भरतीला पोलिसांचा चारित्र्याचा दाखला लागतो. सरकारी नोकरीच्या फॉर्मात कधी खटला झाला का, शिक्षा झाली का, असे रकाने असतात. पासपोर्टच्या कायद्यात तर केस चालू असतानाही अडवणूक आहे. खटला प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता येतो, मात्र १९९३ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे कोर्टाची परवानगी आणली तर मर्यादित मुदतीचा मिळू शकतो. पुन्हा कधी भांडणात नाव आलं, तर पहिली शिक्षा नवी शिक्षा ठरवताना समोर ठेवली जाते, आणि पोलिसांच्या रावडी शीटची (गुंड म्हणून नजर ठेवायच्या माणसांच्या यादीची) टांगती तलवार वेगळीच.

दिरांनी विचारलं, “आणि लढून हरलो तर?” त्याचंही उत्तर त्यांनी सरळ दिलं. पहिलाच गुन्हा असेल तर १९५८ च्या प्रोबेशन कायद्याखाली चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडावं, अशी विनंती करता येते. त्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे शिक्षेमुळे येणारी अपात्रता लागत नाही, पण दोष सिद्ध झाला ही गोष्ट मात्र पुसली जात नाही. शिक्षा झालीच तर तीस दिवसांत सत्र न्यायालयात अपील, आणि कैद तीन वर्षांपर्यंतची असेल तर अपील करेपर्यंत शिक्षा सुनावणारं कोर्टच ती स्थगित ठेवून जामीन देऊ शकतं. म्हणजे लढण्यात वाटा बऱ्याच होत्या. कबुलीत दोष सिद्ध होणं ठरलेलंच होतं.

ज्याने खरोखर गुन्हा केला आहे त्याने वकिलाशी बोलून कबूल व्हावं, त्यात गैर काही नाही. कबुलीचा विचार करून शिक्षा कमीही होऊ शकते. पण तारीख चुकवायची म्हणून, बस पकडायची म्हणून ‘हो’ म्हणणं फार महाग पडतं, आणि ते सांगायला त्या क्षणी शेजारी कुणी नसतं.

कोर्टात आरोप कन्नडमध्ये वाचला गेला. वकिलांनी विनंती केल्यावर तो मराठीतून समजावला. साक्षसुद्धा आरोपीला न कळणाऱ्या भाषेत होत असेल तर त्याला समजेल अशा भाषेत सांगावी, असं फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यातच आहे. जुन्यात कलम २७९, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ३१४. निकालाची प्रत मागताना शक्य असल्यास आपल्या भाषेतला अनुवादही मागता येतो. सीमाभागात भाषेवरून आपण खूप भांडतो, पण हा हक्क आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहून मागणारे मी फार कमी पाहिले. मागितल्यावर आम्हाला तरी कुणी वाकडं बोललं नाही. दोघांनीही ‘कबूल नाही’ असं सांगितलं.

पुढे साक्षी सुरू झाल्या. तारखा मी मोबाइलवर ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये सीएनआर नंबर (प्रत्येक केसचा स्वतंत्र नंबर) टाकून बघायची. पुढची तारीख कळायला कुणाला फोन करावा लागत नाही. ज्या घरांना वकील परवडत नाही त्यांनी तालुका विधी सेवा समितीकडे जावं. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीची माणसं आणि कोठडीत असलेले यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १५१०० या नंबरवर फोन केला तरी वाट दाखवतात.

केस मिटली ती मात्र साक्षींनी नव्हे. चुलत सासूबाई आजारी पडल्या, दवाखान्यात आमचीच माणसं रात्री थांबली, आणि दोन्ही घरांत बोलणं सुरू झालं. बांधाची मोजणी दोघांच्या समक्ष करून घेतली. मला वाटलं आता कोर्टात जाऊन सांगितलं की झालं. पण ३२३, ५०४, ५०६ तडजोडीने मिटतात, ३२४ त्या यादीत नाही. फिर्यादीने हात जोडले तरी खालच्या कोर्टाला ते मिटवता येत नाही, लोक अदालतीतही नाही. त्यासाठी उच्च न्यायालय. बेळगाव जिल्ह्याला धारवाडचं खंडपीठ आहे, २०१३ पासून ते कायम झालंय. खाजगी स्वरूपाचं भांडण खरोखर मिटलं असेल तर उच्च न्यायालय आपल्या अंगभूत अधिकारात खटला रद्द करू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ग्यान सिंग खटल्यात स्पष्ट केलं आहे. खून, बलात्कार, दरोड्यासारख्या गुन्ह्यांना हे लागू नाही.

दोन्ही घरं धारवाडला एकाच गाडीतून गेलो. चुलत सासऱ्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं की कुणाच्या दबावाखाली सही केलेली नाही. दोन्ही केसेस रद्द झाल्या. तोवर दिरांचं भरतीचं वय मात्र निघून गेलं होतं. शिक्षा न होताही केसने जे घेतलं ते हे, आणि त्याची भरपाई कुठलंच कोर्ट देत नाही. ते आता बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फौंड्रीत कामाला आहेत.

आदेशाच्या प्रमाणित प्रती आम्ही जादाच काढल्या. एक तालुक्याच्या कोर्टात दिली आणि ॲपवर केस निकाली दिसेपर्यंत मी पाठ सोडली नाही. मध्यंतरी दिरांनी एका सरकारी जागेचा फॉर्म भरला. ‘कधी खटला दाखल झाला होता का’ या रकान्यापाशी थांबून त्यांनी विचारलं, “वैनी, रद्द झालीय म्हटल्यावर ‘नाही’ लिहू काय?” मी वकिलांना फोन लावला. ते म्हणाले, ‘होय’ लिहा आणि आदेश जोडा. केस सुटली तरी लपवलेली माहिती नोकरी घालवू शकते, अवतार सिंग खटल्यात २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच सांगितलंय. दिरांनी ‘होय’ लिहिलं, केस नंबर टाकला, धारवाडच्या आदेशाची प्रत टाचली आणि फॉर्म पाठवून दिला.