आधी अल्बम, मग सिनेमा : सतरावी नोंद

मंडळी, अण्णांच्या पत्र्याच्या पेटीतल्या 43 कॅसेटींपैकी 17 झाल्या. नियम पहिल्या दिवसापासूनचाच. अल्बम सलग ऐकायचा, मधे उठायचं नाही. मग सिनेमा बघायचा आणि नंतर अल्बम परत ऐकायचा. ही तिसरी फेरी झाल्याशिवाय वहीत मत लिहीत नाही. गाणं गोड आहे का हे पहिल्यांदाच कळतं, पण ते त्या जागी का आहे हे तिसऱ्यांदा ऐकताना कळतं. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो, भिंतीला लागून यंत्रमाग. त्यामुळे ऐकण्याचं सगळं काम रात्री, माग थांबल्यावर.

या वेळी सगळ्यात जास्त रात्री गेल्या ‘जैत रे जैत’मध्ये. कॅसेट लावली तर आवाज गोधडीखालून आल्यासारखा. हेड, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणारा डेकचा भाग, स्पिरिटनं पुसलं, अझिमथचा (हेडचा कोन जुळवायचा) स्क्रू इकडेतिकडे फिरवला, काही फरक नाही. शेवटी बॅटरीच्या उजेडात धरून बघितली. मधल्या खिडकीत एक पितळी पट्टी असते, तिच्यावरचा फेल्टचा बारका तुकडा गळून पडला होता. तोच टेपला हेडवर दाबून धरतो. तो नसला की टेप हेडला नीट टेकत नाही आणि आधी वरचे सूर जातात. एका बाद कॅसेटीतली पट्टी फेल्टसकट चिमट्यानं काढली आणि इथं बसवली. पाच स्क्रूची कॅसेट होती म्हणून जमलं. चिकटवलेली असती तर फोडावीच लागली असती. पेन्सिलीनं टेप ताणून घेतली, परत लावली आणि ढोल खणखणीत बाहेर आला. काठी कातड्यावर पडते तो ठोका आणि त्यामागची घुमारी, दोन्ही वेगवेगळं ऐकू आलं.

मत स्पष्ट लिहितो : मराठी सिनेमात याच्या तोडीचा दुसरा अल्बम नाही. सिनेमा 1977 चा, जब्बार पटेलांचा. त्यांचा जन्म पंढरपूरचा, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातला माणूस. गोष्ट गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरून, शब्द ना. धों. महानोरांचे, चाली हृदयनाथ मंगेशकरांच्या. ढोल वाजवणाऱ्या नाग्याला लिंगोबाच्या डोंगरावरची राणी माशी बघायची आहे, एवढ्यावर सगळं उभं आहे. एरवी आपल्याकडे गाणं लागलं की गोष्ट वाट बघत बसते. इथं गोष्ट गाण्यातूनच पुढं जाते, चालता चालता माणसं गायला लागतात. ‘जांभूळपिकल्या झाडाखाली’ सुटं काढून कार्यक्रमात म्हणतात, त्याला माझी हरकत नाही. पण गाण्यांच्या मधले चार-चार ओळींचे तुकडे ज्यांनी ऐकले नाहीत, त्यांनी हा अल्बम ऐकलेला नाही. तिसऱ्या फेरीत मी त्या तुकड्यांसाठीच थांबत होतो.

‘पिंजरा’ (1972) थोडक्यात. राम कदमांच्या चाली आणि खेबुडकरांचे शब्द, एकही गाणं भरतीचं नाही. सिनेमा मात्र शेवटी शेवटी फार उपदेश करतो. गुरुजींची पडझड डॉ. लागूंच्या नुसत्या चेहऱ्यावर दिसत असताना ती पुन्हा बोलून कशाला दाखवायची?

‘जोगवा’ची कॅसेट नाही, सीडीवर ऐकला. ‘जीव रंगला’साठी हरिहरन आणि श्रेया घोषाल दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, संगीताचा अजय-अतुलना मिळाला, आणि तो योग्यच होता. तरी माझ्या वहीत वरचं गाणं ‘लल्लाटी भंडार’. लहानपणी आमच्या दारात परडी घेऊन जोगतिणी यायच्या. चौंडक्याची तार ओढली की पोटात काहीतरी हलायचं. हे गाणं सुरू झालं तेव्हा आई स्वयंपाकघरातून ओले हात घेऊन बाहेर आली आणि संपेपर्यंत दारातच उभी राहिली. ‘जीव रंगला’ला ती आली नाही.

आता ‘सैराट’. 2016 पासून वरातीत ‘झिंगाट’ इतकं वाजलंय की ते अल्बममधून वगळून ऐकावं लागतं. उरलेल्या तिनांत ‘याड लागलं’ सगळ्यात मोठं. अमेरिकेत रेकॉर्ड केलेला तो वाद्यवृंद हेडफोनवर ऐका, व्हायोलिनं एकदम भरून येतात तिथं करमाळ्याकडचं उसाचं रान जेवढं आहे त्याच्या दुप्पट वाटायला लागतं. पण मला हा अल्बम कळला तो सिनेमा परत बघितल्यावर. चारही गाणी आर्ची-परशा पळून जायच्या आधी संपतात. हैदराबादेत गेल्यावर एकही गाणं नाही. संसाराची ओढाताण, भांडणं, मूल, सगळं गाण्याशिवाय. आणि शेवटाला तर आवाजच काढून घेतलाय. पहिल्या अर्ध्यात एवढं संगीत ओतलं नसतं तर ती शांतता एवढी लागली नसती. ‘दुसरा भाग रटाळ आहे’ म्हणणाऱ्यांशी माझं भांडण कायम राहील. ‘सैराट’वरून केलेल्या हिंदी ‘धडक’मध्ये यातल्या दोन चाली त्याच आहेत, पण त्या बोलीतून उगवल्या होत्या, बोली गेली आणि नुसती चाल उरली. मी अर्ध्यात बंद केला.

‘सैराट’वाल्या नागराज मंजुळेंचाच ‘फँड्री’ याच कारणासाठी परत काढला. ‘इंचू चावला’ हे गाणं सिनेमात आहे असं अजून निम्मी मंडळी शपथेवर सांगतात. नाही. ते अजय-अतुलनी प्रसिद्धीसाठी केलं होतं. सिनेमाचं संगीत आलोकनंदा दासगुप्तांचं, आणि ते इतकं मागं राहतं की डुकरं पकडतानाचा आरडाओरडा सरळ अंगावर येतो. तिथं गाणं न टाकण्याचा निर्णय मला ‘सैराट’च्या चार गाण्यांइतकाच मोठा वाटतो.

‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ (1946) बद्दल लिहिताना हात जड होतो. कोटणीस आपल्या सोलापुरात जन्मले. 1938 मध्ये चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांतले ते एक, 1942 मध्ये वयाच्या 32 व्या वर्षी तिथंच गेले. भैय्या चौकातल्या स्मारकावरून जाताना आजही माझी मान खाली झुकते. पण माणूस मोठा म्हणून सिनेमाला गुण वाढवून देणार नाही. दिग्दर्शक व्ही. शांतारामांनी कोटणीसांची भूमिकाही स्वतःच केलीय आणि पडद्यावर डॉक्टर कमी, वक्ता जास्त दिसतो. वसंत देसाईंचं संगीत मात्र जपून ठेवण्यासारखं. पहिल्या आणि तिसऱ्या फेरीत माझं मत बदललं नाही असा 17 मधला हा एकमेव.

अठरावी ‘सिंहासन’. सुरेश भटांचं ‘उषःकाल होता होता’ आहे एका जुन्या मिश्र कॅसेटीत, पण दुसऱ्या कडव्याला टेप चुरगळलीय. डेकचा बेल्टही सैल झालाय, सूर डगमगतो. तो बदलेपर्यंत पेटी बंद. याच गाण्याची धड कॅसेट कुणाकडे असेल तर कळवा, एका रात्रीसाठी घेऊन जाईन आणि टेप सुरुवातीला गुंडाळून परत आणून देईन.