तुम्ही विचारलंत म्हणून : देखणा जुना टर्नटेबल कोणता घ्यावा?

“दिवाणखान्यात शोभेल आणि ऐकायलाही चांगला असेल, असा सत्तरच्या दशकातला टर्नटेबल कोणता घेऊ?” हा प्रश्न बहुतेक वेळा एका सुंदर फोटोसोबत येतो. अक्रोडी लाकडाची चौकट, रेकॉर्ड ठेवायची चकचकीत थाळी, वर धुरकट झाकण. त्या फोटोवरून काहीच सांगता येत नाही. हवा असतो तो यंत्राच्या तळाशी किंवा पाठीमागे असलेल्या पट्टीचा फोटो, जिच्यावर व्होल्ट आणि हर्ट्झ लिहिलेले असतात.

भारतात वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ आहे. अमेरिकेत १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. जपानमध्ये १०० व्होल्ट, त्यातही पूर्वेकडे ५० आणि पश्चिमेकडे ६० हर्ट्झ. परदेशातल्या नातेवाइकांकडून यंत्र आणायचा बेत इथेच फसतो. व्होल्टेज कमी करायला ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण ट्रान्सफॉर्मर हर्ट्झ बदलत नाही. जुन्या बेल्टवाल्या आणि आयडलर चाकाच्या (मोटर आणि थाळी यांच्यामध्ये रबरी चाक असलेल्या) बहुतेक यंत्रांची मोटर विजेच्या हर्ट्झवरच आपला वेग ठरवते. ६० हर्ट्झचं असं यंत्र आपल्याकडे लावलं, तर मिनिटाला ३३⅓ ऐवजी सुमारे २७.८ फेरे होतात. पांढरी चारमध्ये गाणाऱ्याचा षड्ज पांढरी दोनच्याही किंचित खाली येतो आणि लय रेंगाळते. उपाय म्हणजे ५० हर्ट्झची पुली, म्हणजे मोटरच्या दांड्यावर बसणारी छोटी चकरी. काही मॉडेल्ससाठी ती मिळते, काहींसाठी लेथवर करून घ्यावी लागते. पुली मिळतेय याची खात्री होईपर्यंत पैसे देऊ नका.

इंग्लंड आणि जर्मनीतून आलेल्या यंत्रांना हा त्रास नाही, तिथेही ५० हर्ट्झच आहे. क्वार्ट्झ नियंत्रित डायरेक्ट ड्राइव्ह (मोटर थेट थाळी फिरवते अशा) यंत्रांनाही नाही, कारण त्यांचा वेग आतलं सर्किट ठरवतं. १९७९चं टेक्निक्स एसएल-१२०० एमके२ हे त्यातलं सर्वांत प्रसिद्ध. मात्र फक्त जपानसाठी बनवलेला १०० व्होल्टचा नग असेल, तर ट्रान्सफॉर्मर आधी जोडायचा आणि मगच बटण दाबायचं.

दुसरा प्रश्न तुम्हीच स्वतःला विचारायचा आहे : घरात कोणत्या रेकॉर्डी आहेत? फक्त एलपी (मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या मोठ्या रेकॉर्डी) आणि ४५ फेऱ्यांच्या लहान रेकॉर्डी असतील तर वाट सोपी आहे. पण आजोबांच्या कपाटात नाट्यगीतांच्या नाहीतर भावगीतांच्या लाखेच्या ७८, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या रेकॉर्डी असतील, तर वर उल्लेखलेलं टेक्निक्स बाद होतं, कारण त्याला ७८चा वेग नाही. थोरेन्स टीडी १६० सुद्धा बाद. मग ड्युअल १२१९, गॅरार्ड ३०१ किंवा ४०१, आणि आमच्या मते अशा घरासाठी सर्वांत योग्य म्हणजे स्विस बनावटीचं लेन्को एल७५. लेन्कोत मोटरचा दांडा निमुळता असतो आणि आयडलर चाक त्याच्यावर मागेपुढे सरकवता येतं, म्हणून वेग हवा तितका बारीक बदलता येतो. याचं मोल ७८ ऐकणाऱ्यालाच कळेल. सुरुवातीच्या काळातल्या अनेक रेकॉर्डी काटेकोर ७८ वेगाने ध्वनिमुद्रित झालेल्याच नाहीत. गायकाची पट्टी ठाऊक असेल तर शेजारी पेटी घेऊन वेग जुळवता येतो.

आता देखणेपण. १९७२चं बँग अँड ओलुफसेनचं बिओग्राम ४००० हे याकोब येन्सेन यांचं डिझाइन. एकमेकांना समांतर दोन सरळ दांड्या रेकॉर्डवरून सरकतात. त्यांतली एक रेकॉर्ड आहे का आणि केवढी आहे हे ओळखते, दुसरी वाजवते. याहून सुंदर टर्नटेबल दाखवणं अवघड आहे. तरीही पहिलं यंत्र म्हणून ते आम्ही सुचवत नाही, कारण त्याला त्याच कंपनीच्या धाटणीचं कार्ट्रिज (पिन बसवलेला, आवाज टिपणारा भाग) लागतं, बाजारातलं नेहमीचं अर्ध्या इंचाच्या स्क्रूंचं बसत नाही, आणि आतलं इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्त करणारा हात मिळणं कठीण. टेक्निक्सचं एसएल-१० एलपीच्या वेष्टनाएवढं आटोपशीर आहे, आर्म, म्हणजे पिन धरणारा दांडा, झाकणातच बसवलेला. लहान फ्लॅटमध्ये ते फार शोभतं. बाकी लाकडी चौकटीचं सौंदर्य हवं असेल तर थोरेन्स टीडी १६० घ्या. त्याची थाळी आणि आर्म आत तीन स्प्रिंगांवर तरंगतात. फरशीच्या घरात ते उत्तम चालतं. जुन्या वाड्याच्या लाकडी तक्तपोशीवर मात्र पावलागणिक पिन उडते. तिथे भिंतीत ठोकलेली फळी हवी.

निवड करताना एक गोष्ट धरून ठेवा. चौकट नव्याने करता येते, व्हिनिअर सुताराकडून चढवता येतं, झाकणावरचे ओरखडे पॉलिशने जातात. आर्मची बेअरिंग खराब असेल तर ती दुरुस्त करणारे मोजकेच. म्हणून कळकट दिसणारं पण घट्ट यंत्र हे चकचकीत पण खिळखिळ्या यंत्रापेक्षा केव्हाही चांगलं.

पाहायला जाल तेव्हा आधी वीज बंद ठेवून आर्मचं पुढचं टोक दोन बोटांत हलकेच धरा आणि डावी-उजवीकडे, वर-खाली हलवा. टक् असा जराही खटका जाणवला तर परत या. डीजेंनी वापरलेल्या टेक्निक्समध्ये हा दोष सर्रास असतो. मग क्यूचा (आर्म उचलायचा-उतरवायचा) दांडा खाली करा : आर्म दोन-तीन सेकंद घेत उतरला पाहिजे. धाडकन पडला तर आतलं सिलिकॉन तेल सुकलंय, ते पुन्हा भरता येतं. लेन्को एल७५ असेल तर आर्म जिथे टेकतो ते रबराचे दोन लहान व्ही-ब्लॉक तपासा. पन्नास वर्षांनी त्यांचा भुगा झालेला असतोच. नवे मिळतात, पण किंमत ठरवताना ते धरा. ड्युअलचं ऑटोमॅटिक (आर्म आपोआप हलवणारी यंत्रणा) चालत नसेल तर घाबरू नका, नखाएवढी एक रबरी टोपी गळून गेलेली असते आणि जुनं ग्रीस घट्ट झालेलं असतं. ग्रीस पुसून नवं लावायचं आणि टोपीच्या जागी वायरच्या आवरणाचा मापाचा तुकडा चढवायचा, की यंत्र चालू लागतं.

वेग तपासायला उपकरण लागत नाही. रेकॉर्डच्या लेबलवर कागदाची खूण चिकटवा, पिन टेकवा आणि फेरे मोजा. ३३⅓ वर ३ मिनिटांत बरोबर १०० फेरे झाले पाहिजेत. ९८ झाले तर बेल्ट सैल आहे किंवा बेअरिंगचं तेल आटलंय. ८३च्या आसपास झाले तर यंत्र ६० हर्ट्झचं आहे, विकणारा काहीही म्हणो. वेग तपासायची ठिपक्यांची स्ट्रोब चकती एलईडी दिव्याखाली भरवशाची नसते, कारण बरेच एलईडी विजेच्या तालावर लुकलुकत नाहीत. शेवटी सनई, बासरी किंवा तानपुऱ्याचा लांब स्वर ऐका. स्वर हेलकावत असेल तर दोष बेल्टमध्ये किंवा कडक झालेल्या आयडलर चाकात आहे. रेकॉर्डच्या मधलं भोकच किंचित बाजूला पडलेलं असलं तरी असाच हेलकावा येतो, म्हणून दुसरी रेकॉर्ड लावून पाहा.

यंत्रासोबत आलेल्या पिनेवर कधी विसंबू नका. झिजलेली पिन एलपीची खाच कायमची खरवडते. ऑडिओ-टेक्निकाचं एटी-व्हीएम९५ई हे साधं, चांगलं कार्ट्रिज आहे, दाब २ ग्रॅम. हेडशेलमध्ये (आर्मच्या टोकाला कार्ट्रिज बसतं तो भाग) चार तारा : पांढरी डावा धन, निळी डावा ऋण, लाल उजवा धन, हिरवी उजवा ऋण. टेक्निक्सच्या १२०० मालिकेत पिनेचं टोक हेडशेलच्या मागच्या वॉशरपासून ५२ मिमीवर आणायचं. मग अँटी-स्केटिंग (आर्मची आत सरकण्याची ओढ रोखणारी सोय) शून्यावर ठेवून काउंटरवेट, म्हणजे आर्मच्या मागचं वजन, फिरवत आर्म आडवा तरंगेल असा करा, त्यावरची आकड्यांची कडी शून्यावर आणा, आता वजन २ पर्यंत फिरवा. अँटी-स्केटिंगही २ वर. आकड्यांवर पूर्ण विश्वास नको, ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घेऊन पडताळा. अशा कार्ट्रिजमधून जेमतेम ४ मिलिव्होल्ट येतात, म्हणून अॅम्प्लिफायरला ‘फोनो’ जोडणी किंवा वेगळा फोनो प्रीअँप लागतोच. घुमणारा हम् ऐकू आला तर आधी अर्थची बारीक तार जोडली आहे का ते बघा.

७८साठी पिन वेगळीच. एलपीची गोल टोकाची पिन ०.७ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) त्रिज्येची, ७८ची ३ मिलची. एलपीची पिन ७८च्या रुंद खाचेच्या तळाशी घासते आणि नुसती खरखर ऐकवते. वर सांगितलेल्या कार्ट्रिजच्या मालिकेत एसपी नावाची ७८ची आवृत्ती आहे, तिला दाब सुमारे ५ ग्रॅम लागतो. तुमच्या आर्मचं काउंटरवेट तितकं देतं का ते आधी पाहा. अॅम्प्लिफायरवर मोनोचं बटण असेल तर दाबा, खरखर बरीच कमी होते. आणि लाखेच्या रेकॉर्डीला अल्कोहोल असलेलं कुठलंही द्रावण लावू नका, लाख त्यात विरघळते. साध्या पाण्यात किंचित सौम्य साबण, मऊ ब्रश, लेबल कोरडं ठेवायचं, आणि पूर्ण वाळल्याशिवाय कागदी वेष्टनात घालायची नाही, नाहीतर पावसाळ्यात बुरशी धरते.