दुबई: पाणी कुठून येतं, सावली कुठे आहे

दुबईला निघालेलं कुणी भेटलं की मी एवढंच सांगते, पहिल्या दिवशी बुर्ज खलिफाला जाऊ नका. आधी खाडीवर जा. मेट्रोच्या ग्रीन लाइनने अल घुबैबाला उतरायचं, चालत धक्क्यावर यायचं आणि एक दिरहम देऊन अब्रात बसायचं. अब्रा म्हणजे लाकडी होडी. मधोमध लांब बाक, त्यावर माणसं पाठीला पाठ लावून, पाण्याकडे तोंड करून बसतात. नावाडी मधल्या खळग्यात उभा राहून सुकाणू सांभाळतो. थोड्याच वेळात पलीकडचं देरा येतं. तिथे धक्क्याला गलबतं लागलेली असतात, एकाला एक चिकटून. मी गेले तेव्हा एका गलबतावर फ्रिज, टायर आणि प्लास्टिकच्या खुर्च्यांचे गठ्ठे चढत होते. क्रेन नव्हती. माणसं खांद्यावरून माल वाहत होती.

या शहराचं सगळं गणित याच पाण्यात सुरू होतं. एके काळी दुबई जगायची ती मोत्यांवर. १९३०च्या दशकात जागतिक मंदी आली, शिंपल्यांची शेती करून पिकवलेले जपानी मोती बाजारात उतरले आणि तो धंदा बसला. खाडी गाळाने भरत चालली होती, मोठी गलबतं आत येईनात. दुबईचे तेव्हाचे शासक शेख रशीद यांनी कुवेतकडून कर्ज काढलं आणि १९६०च्या आसपास खाडीतला गाळ उपसून घेतला. दुबईला तेल सापडलं १९६६ मध्ये. म्हणजे कर्ज आधी, तेल नंतर. पुढे जे काही झालं त्याची चाल हीच आहे: आधी बांधायचं, मग जगाला बोलवायचं. १९७९ मध्ये जबल अली बंदर, १९८५ मध्ये तिथलं फ्री झोन, म्हणजे परदेशी कंपन्यांना करसवलतीत धंदा करू देणारा पट्टा, त्याच वर्षी एमिरेट्सची पहिली विमानं. आज दुबईच्या अर्थव्यवस्थेत तेलाचा वाटा दोन टक्क्यांहूनही कमी आहे. आपल्या न्हावा शेव्याला डीपी वर्ल्डचा फलक दिसतो, ती कंपनी याच बंदरांच्या धंद्यातून उभी राहिली.

आणि हे सगळं आपल्यापासून फार लांबचं नाही. १९६६ पर्यंत इथे रुपया चालायचा. रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये खास आखातासाठी वेगळा रुपया काढला होता. बर दुबईच्या मीना बाजारात फिरताना मला हे सारखं आठवत होतं. दुकानदार हिंदीत भाव सांगतो, शेजारी गुजरातीत हिशेब चाललेला असतो, आणि किराणा दुकानाच्या फळीवर कोकम आणि थालीपिठाची भाजणी शेजारी शेजारी मांडलेली असते.

खाडीच्या याच काठावर बस्तकिया आहे, आताचं नाव अल फहिदी. इराणातल्या बस्तकहून आलेल्या व्यापाऱ्यांनी प्रवाळाच्या दगडांनी आणि जिप्समने बांधलेली घरं. प्रत्येक मोठ्या घरावर एक चौकोनी मनोरा असतो, बर्जील. चारी बाजूंनी उघडा. वारा कुठूनही आला तरी तो मनोऱ्यात अडतो आणि खाली खोलीत उतरतो. एका घरात मी बर्जीलच्या बरोबर खाली उभी राहिले. एप्रिलची सुरुवात होती, बाहेर कपाळावर घाम येत होता, आणि वरून येणारी झुळूक मानेवर स्पष्ट जाणवत होती. आजूबाजूच्या गल्ल्यांना इथे सिक्का म्हणतात. त्या मुद्दाम इतक्या अरुंद ठेवलेल्या की समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर सावली धरतात. वीज नव्हती तेव्हा माणसं या वाळवंटात कशी राहत असतील, याचं उत्तर त्या गल्लीत मिळतं. १९८०च्या दशकात या वस्तीचा बराच भाग पाडला गेला. उरलेला वाचवण्यासाठी लोकांना भांडावं लागलं, आणि आज तोच भाग पर्यटन विभाग अभिमानाने दाखवतो. शंभर दिरहमच्या जुन्या नोटेवर एका बाजूला इथला अल फहिदी किल्ला आहे आणि दुसऱ्या बाजूला १९७९ चं वर्ल्ड ट्रेड सेंटर, त्या काळचा शहरातला सगळ्यात उंच मनोरा.

दुसऱ्या दिवशी मावसभावाने गाडी काढली. दादा इथे बरीच वर्षं नोकरी करतो. शेख झायेद रोडला लागलो आणि शहराची मापंच बदलली. इतक्या पदरी रस्ता, दोन्ही बाजूंना काचेच्या भिंती, आणि पायी चालणारं माणूस नजरेला पडत नाही. रस्ता ओलांडायचा तर मेट्रो स्टेशनचा वातानुकूलित पूल शोधायचा. समोरची इमारत हाकेच्या अंतरावर दिसते आणि तिथे जायला गाडी लागते.

दुबईने स्वतःचं नाव कसं तयार केलं हे मात्र शिकण्यासारखं आहे, आणि मी हे कौतुकानेच म्हणते. १९९६ मध्ये शॉपिंग फेस्टिव्हल सुरू झाला. १९९९ मध्ये शिडाच्या आकाराचं बुर्ज अल अरब उघडलं आणि एक हॉटेल शहराची ओळख बनलं. तारखासुद्धा लक्षात राहतील अशा निवडलेल्या. मेट्रो सुरू झाली ९ सप्टेंबर २००९ ला, रात्री ९ वाजून ९ मिनिटं ९ सेकंदांनी. म्युझियम ऑफ द फ्यूचर उघडलं २२-२-२०२२ ला. ८२८ मीटरच्या मनोऱ्याचं नाव बांधकाम चालू असेपर्यंत बुर्ज दुबई होतं. २००९ च्या अखेरीस दुबई कर्जात अडकली, शेजारच्या श्रीमंत अमिरातीने, अबू धाबीने, १० अब्ज डॉलरचा आधार दिला, आणि काही आठवड्यांनी ४ जानेवारी २०१० ला उद्घाटनाच्या दिवशी मनोऱ्याला अबू धाबीच्या शेख खलिफांचं नाव मिळालं. वर जाऊन शहर बघताना मला उंचीपेक्षा हा प्रसंगच जास्त आठवत होता.

या इमारतीबद्दलची एक गोष्ट मला फार आवडली. बाहेरच्या दमट हवेतलं पाणी एसीच्या थंड नळ्यांवर साचतं, ते गोळा करून आवारातल्या झाडांना घालतात. वर्षाला सुमारे दीड कोटी गॅलन. हे पाणी महत्त्वाचं का, ते खाली उतरल्यावर कळतं. रस्त्याच्या दुभाजकावर पेटुनियाचे ताटवे होते, जांभळे-पांढरे, अगदी टवटवीत. मी वाकून पाहिलं. प्रत्येक ओळीच्या बुडाशी काळी ठिबकची नळी, तिच्या प्रत्येक छिद्राखाली ओल्या वाळूचं वाटीएवढं वर्तुळ, आणि त्या वर्तुळाबाहेर बोटभर अंतरावर भुकटीसारखी कोरडी वाळू. शहरातल्या बागांना सांडपाणी शुद्ध करून देतात, ही चांगलीच गोष्ट आहे. पण ते सांडपाणी मुळात नळाला आलेलं समुद्राचं पाणी असतं. दुबईला नदी नाही. पिण्याचं जवळजवळ सगळं पाणी समुद्रातून गोडं करून घेतलेलं. जबल अलीच्या बाजूने जाताना त्या कारखान्यांची धुराडी दिसतात. वायू जाळून वीज करायची, त्याच उष्णतेवर पाणी गोडं करायचं आणि उरलेलं खारट पाणी परत आखातात सोडायचं. आखात उथळ आहे, आधीच खारं आहे, आणि सगळ्याच काठावरचे देश हेच करतात.

पेटुनियापासून थोड्या अंतरावर कुंपणाशी एक झाड होतं. बारीक पानं, वाकडं खोड, बुडाशी नळी नाही. दादा म्हणाला, "हे घाफ. यांचं राष्ट्रीय झाड." मी पानं हातात घेतली. आपली शमी! दसऱ्याला आपण जिची पूजा करतो, तीच. मुळं इतकी खोल जातात की माणसाने घातलेल्या पाण्याची तिला गरज पडत नाही. ज्या भूमीत हे झाड आपोआप उभं राहतं, तिथे मैलोन्‌मैल हिरवळ आणि पेटुनिया जोपासायचा हट्ट का, हा प्रश्न मला तिथेच पडला आणि अजून सुटलेला नाही. पर्यटकाला वाळवंटात बाग दाखवायची ओढ आता सोडायला हवी. घाफची सावली दाखवली तरी लोक येतील.

सोलर पार्कला जायचा आग्रह माझा होता. दादाच्या ओळखीतलं कुणीही तिथे गेलेलं नव्हतं. शहर मागे पडतं, वाळू सुरू होते आणि क्षितिजावर एका मनोऱ्याचं टोक भर दिवसा दिव्यासारखं पेटलेलं दिसतं. उंची २६२ मीटर. भोवतीचे हजारो आरसे सूर्याबरोबर फिरतात, ऊन टोकावर फेकतात, आणि त्या उष्णतेने वितळलेलं मीठ तापवून साठवलं जातं, म्हणजे सूर्य मावळल्यावरही वीज मिळते. बाकीच्या भागात साध्या पॅनलच्या रांगा. काही ठिकाणी त्यांच्यावरची धूळ यंत्रं कोरड्या ब्रशने झाडतात, पाण्याचा थेंबही न वापरता. २०१३ मध्ये इथे १३ मेगावॉट होते. २०३० पर्यंत ५,००० चं उद्दिष्ट ठेवलं होतं, पुढे तेही वाढवलं. दुबईतच हस्यानला कोळशावरचं वीजकेंद्र उभं राहत होतं, ते २०२२ मध्ये वायूवर वळवलं. हा निव्वळ देखावा म्हणणाऱ्यांनी एकदा त्या आरशांच्या मधून फिरून यावं. मी तिथून भारावून परतले.

पण याच शहराने अल मक्तूम विमानतळाचं १२८ अब्ज दिरहमचं टर्मिनल हाती घेतलं आहे, वर्षाला २६ कोटी प्रवाशांसाठी. आताच्या विमानतळावरून २०२४ मध्ये ९ कोटी २३ लाख लोक गेले-आले. २०२३ ची कॉप २८ ही हवामान बदलावरची जागतिक परिषद जिथे भरली त्या एक्स्पो सिटीत मी फिरले. अल वस्लचा घुमट आणि टेरा नावाचं दालन बघण्यासारखं आहे, मुलांना जरूर न्या. त्या परिषदेत जगाने पहिल्यांदाच जीवाश्म इंधनांपासून दूर जायचं शब्दांत मान्य केलं. मात्र माणशी कार्बन उत्सर्जनात संयुक्त अरब अमिराती आजही जगात वरच्या रांगेत आहे. पर्यावरण जपणारा टिकाऊपणा हा आता दुबईच्या ब्रँडचाच भाग झाला आहे, आणि मला त्यात गैर वाटत नाही. ज्या शहराला नाव जपायचं असतं ते दिलेला शब्द सहज विसरत नाही. माझं म्हणणं एवढंच, की हिशेबात विमानंही धरा आणि दुभाजकावरचं पाणीही धरा.

१६ एप्रिल २०२४ चा पाऊस दादाने सोसला. मोजणी सुरू झाल्यापासूनच्या ७५ वर्षांत असा पाऊस झाला नव्हता. अल ऐनजवळ एका दिवसाच्या आत २५४ मिलिमीटर. दुबईचा विमानतळ पाण्यात गेला. "गाडी पुलावर सोडली आणि गुडघाभर पाण्यातून घरी आलो. २६ जुलै आठवला," दादा म्हणाला. वहिनी म्हणाली, "लिफ्ट बंद, पंप बंद. शेजारच्या मल्याळी काकूंनी दोन दिवस आमचं जेवण केलं." दोन महिन्यांत सरकारने ३० अब्ज दिरहमची पाण्याच्या निचऱ्याची योजना जाहीर केली, २०३३ पर्यंत पुरी करायची. हा झपाटा मुंबईकर म्हणून मला खरंच हेवा वाटावा असा आहे.

रास अल खोरला फ्लेमिंगो बघायला गेलो. खाडीच्या शेवटाला, उंच इमारती पाठीशी घेऊन ही पाणथळ जागा आहे. २००७ पासून ती रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. आपली ठाण्याची खाडी २०२२ मध्ये त्या यादीत आली. हंगाम सरत आला होता, तरी उथळ पाण्यात एक थवा चोची बुडवून उभा होता. मला घाटकोपर आठवलं. मे २०२४ मध्ये दुबईहून मुंबईला उतरणाऱ्या विमानाला धडकून चाळीसच्या आसपास फ्लेमिंगो मेले होते. दोन्ही शहरं वाढताहेत, आणि दोन्ही ठिकाणी पक्ष्यांना उरली आहे ती खाडीची शेवटची चिखलपट्टी.

मीना बाजारात एक चाचा भेटले, खेड तालुक्यातले. एसी दुरुस्तीत उभं आयुष्य गेलं. मराठी ऐकून स्वतःच थांबले, चहा पाजला. "पोरी, इथल्या अर्ध्या बिल्डिंगींचे एसी मला ओळखतात," म्हणाले. आता ते परत निघालेत. नोकरी आहे तोवर व्हिसा, हा इथला सर्वसाधारण नियम. २०१९ पासून गोल्डन व्हिसा आला, पण तो मुख्यतः पैसेवाल्यांचा आणि मोठ्या पगारवाल्यांचा. १९७५ मध्ये दोन लाखांच्या आत असलेलं हे शहर आज ३८ लाखांच्या पुढे आहे आणि त्यातले दहातले नऊ बाहेरचे. मी विचारलं, "चाचा, राहावंसं नाही वाटलं?" ते म्हणाले, "राहायला कोण आलंय इथे? घर खेडला बांधलं."

कामगारांची मोठी वस्ती मुहैस्नाला आहे, सगळे तिला सोनापूर म्हणतात. दादाने संध्याकाळी त्या बाजूने गाडी नेली. बसमागून बस येत होत्या, खिडकीला डोकं टेकून माणसं झोपलेली. उन्हाळ्यात, १५ जून ते १५ सप्टेंबर, दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला कायद्याने बंदी आहे. हा नियम चांगला आहे आणि तो पाळलाही जातो, असं दादा सांगतो. तरी बस थांब्यापासून खोलीपर्यंतचा रस्ता उघडाच. तिथे ना झाड, ना छप्पर.

२०२१ मध्ये आलेला २०४० चा आराखडा म्हणतो, लोकसंख्या ५८ लाखांवर जाईल आणि ५५ टक्के लोक सार्वजनिक वाहतुकीच्या मुख्य स्थानकापासून ८०० मीटरच्या आत राहतील. आता चालणाऱ्यांसाठी ६,५०० किलोमीटर वाटांची योजनाही आली आहे. पहिल्या दोन जागा ठरल्यात: म्युझियम ऑफ द फ्यूचरचा परिसर आणि जुन्या देऱ्यातलं अल रास. दोन्ही ठिकाणी पर्यटक जातात, म्हणून त्या निवडल्या असाव्यात. तिसरी जागा मुहैस्ना असावी, दोन्ही बाजूंना घाफ लावून. सिक्काची सावली या शहराला एकदा जमली होती, आणि आता तर त्याच्याकडे पैसाही आहे.