नव्याण्णवांपैकी एक

लेंटचा, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा, चौथा रविवार, फादर गुलाबी पोशाखात, आणि वाचन नेमकं उधळ्या मुलाचं. बायबलात लूकचं शुभवर्तमान, अध्याय 15. परत आलेला भाऊ माझ्या शेजारी, आई त्याच्या पलीकडे, तिचं डोळे पुसणं चालूच. मी पंख्याकडे बघत बसले.

एका पाप्याने पश्चात्ताप केला की स्वर्गात नव्याण्णव नीतिमानांपेक्षा जास्त आनंद, एकेक जीव मोलाचा, मान्य, लहानपणापासून पाठ आहे. पण त्याच अध्यायातला मेंढपाळ हरवलेल्या एका मेंढीसाठी उरलेल्या नव्याण्णवांना रानात सोडून गेला त्याचं काय?

आणि आज अडकले भलतीकडेच. धाकटा आपल्या वाटणीचा पैसा उधळून घरी परततो, बाप मेजवानी देतो; थोरला शेतावरून येतो, घरातून गाणंबजावणं ऐकू येतं आणि काय चाललंय ते त्याला नोकराला विचारावं लागतं. म्हणजे वासरू कापलं, पंगत बसली, पण शेतावर सांगायला कुणी गेलंच नाही! शुक्रवारी मी विरार लोकलमधून चेंगरून उतरले, तर खाली वॉचमन म्हणतो, ताई, भाऊ आला वाटतं तुमचा. वर सुरमई तळलेली (लेंटचा शुक्रवार म्हणून मटण नाही एवढंच), मधली तुकडी त्याच्या ताटात, मला शेपटीकडची. एक फोन नाही, मेसेज पण नाही. मासेवालीची उधारी मात्र मीच दिली. गोष्टीतही बापाने आधीच दोघांना वाटणी करून दिलेली, मग ते पोसलेलं वासरू थोरल्याच्याच वाट्याचं की. फादर यावर काही बोलले नाहीत.

धाकट्याचा पश्चात्ताप तरी कसला, उपाशी मरायची वेळ आली म्हणून परतला. मला मजुरासारखं ठेवा, असं भाषण ठरवून आलेला, ते वाक्य यायच्या आतच बापाने झगा, अंगठी मागवली. आमच्याकडे तर अजून... जाऊ दे.

मग एकदम हसूच आलं. थोरला म्हणतो, याने पैसा वेश्यांवर उडवला. हे त्याला सांगितलं कुणी? नोकर तर भाऊ आलाय, वासरू कापलंय, एवढंच बोलला. पठ्ठ्याने शेतात राबता राबता स्वतःच पिक्चर काढला. माझ्याकडे असे तीन-चार तयार आहेत, सगळे हाऊसफुल.

बाप थोरल्याची समजूत घालायला पण बाहेर आला म्हणा. आई काल रात्री खिडकीशी आली, सोमवारी डब्याला काय देऊ विचारायला. समजूत म्हणायची तर तेवढीच. आणि मला एक फोन?

थोरला शेवटी आत गेला की नाही, लूक लिहीतच नाही. आमचं वन रूम किचन, रुसून बाहेर बसायला जागा कुठाय. पाणी साडेपाचला येतं. उद्यापासून पिंप भरायला त्याला उठवणार आहे.