पवनेकाठची शेगडी आणि भोकं पाडलेला तेलाचा डबा

पवना धरणाच्या काठावर थंडीच्या दिवसांत संध्याकाळी सहाच्या सुमारास उभं राहिलं, की समोर तुंग आणि तिकोना हे किल्ले उन्हात उजळलेले असतात आणि नाकात मात्र डिझेलचा वास असतो. काठावर तंबूंच्या रांगा, प्रत्येक तंबूपुढे बार्बेक्यूची लहानशी शेगडी, आणि शेगडीभोवती कोळसा पेटेना म्हणून वैतागलेली माणसं. रेशनवरचं रॉकेल दिसेनासं झाल्यापासून बाटलीतून डिझेल आणायची पद्धत पडली आहे. काही पोरं तर बाईकमधून सरळ पेट्रोल काढतात. हे बघून दर वेळी माझा जीव वरखाली होतो. म्हणून या जानेवारीत दादा, वहिनी आणि मुलांसोबत तिथे मुक्कामाला जायचं ठरलं, तेव्हा कोळसा पेटवायचं सगळं सामान मी घरूनच बांधून घेतलं.

पुण्याहून जुन्या महामार्गाने कामशेत गाठायचं आणि तिथून डावीकडे पवनानगरचा रस्ता धरायचा. वाटेत बेडसे लेणी आहेत. त्यांचं तोंड पूर्वेला, त्यामुळे सकाळी गेलात तर ऊन थेट चैत्यगृहापर्यंत येतं आणि खांबांवरच्या घोडे, बैल, हत्तींवर बसलेल्या जोड्या नीट बघता येतात. कार्ल्यासारखी गर्दी इथे नसते. लेणी बघून खाली उतरलो, पवनानगरच्या बाजारात कणसं, रताळी आणि भरताची जाड वांगी घेतली आणि दुपार कलायच्या आत तंबूवर पोचलो.

कोळसा मात्र पुण्याहूनच आणला होता. आमचा इस्त्रीवाला जिथून घेतो, तिथूनच. लोणारी कोळसा घेताना दोन तुकडे एकमेकांवर आपटून बघावेत. चांगला भाजलेला कोरडा कोळसा खणखणतो, ओला किंवा अर्धकच्चा बद्द वाजतो. पोत्याच्या तळाचा चुरा घेऊ नये, तो फटी बुजवतो आणि हवा कोंडते. आपल्याकडे येणारा बराचसा कोळसा वेड्या बाभळीचा असतो आणि तो भाजणाऱ्या भट्ट्यांवर रायगडकडची कातकरी कुटुंबं राबत असतात. पावसाळा सरला की पोराबाळांसकट घर बंद करून ही माणसं निघतात आणि उन्हाळा संपता संपता परततात. त्या कष्टांचा मोबदला त्यांच्या हातात किती पडतो, याबद्दल फारसं चांगलं बोलता येत नाही. असा कोळसा डिझेल ओतून वाया घालवणं मला सहन होत नाही, हेही एक कारण आहे.

तर कोळसा पेटवायचा आमचा डबा. पाच लिटरचा खाद्यतेलाचा पत्र्याचा डबा घ्यायचा. वरचं झाकण आणि तळ, दोन्ही कापून काढायचे. खालच्या कडेपासून चार बोटं वर समोरासमोर भोकं पाडून त्यातून जाड तारा आरपार ओवायच्या, म्हणजे कोळसा पेलणारी जाळी तयार होते. जाळीखाली चारही बाजूंनी अंगठा जाईल एवढी भोकं पाडायची. बाजूला लाकडी मूठ ठोकून घेतली तर फारच छान, नाहीतर लांब चिमटा लागतो. पत्र्यावर रंग असेल तर पहिल्यांदा डबा रिकामाच तापवून तो जाळून टाकायचा. जस्ताचा मुलामा असलेली बादली किंवा डबा मात्र या कामाला अजिबात घ्यायचा नाही, तापल्यावर त्यातून निघणारा धूर बाधतो.

वर्तमानपत्राची दोन पानं घेतली, त्यावर चमचाभर गोडं तेल शिंपडलं, सैल वळकटी करून गोल गुंडाळली आणि मध्ये पोकळी ठेवली. तेल लावलेला कागद भुर्रकन जळून जात नाही, वातीसारखा सावकाश जळतो. हा कागद शेगडीच्या जाळीवर, त्यावर डबा आणि डब्यात काठोकाठ कोळसा. तुकडे लिंबाएवढे असले तर उत्तम. फार मोठे असतील तर फोडून घ्यावेत. खालच्या भोकातून काडी लावली आणि मी हात झटकून बाजूला झाले.

पहिली चार-पाच मिनिटं दाट पांढरा धूर येतो. नवख्या माणसाला वाटतं की विझलं, आणि तो डबा हलवून, उचकटून बघायला जातो. मुलांना मी आधीच सांगून ठेवलं होतं, हात लावायचा नाही. मग धूर विरळ होतो, डब्याच्या पोटातून बारीक तडतड ऐकू येते, भोकांतून लाल उजेड दिसायला लागतो. पंधरा-वीस मिनिटांत वरच्या थरातल्या कोळशांच्या कडा राखाडी झाल्या, की डबा उचलून निखारे शेगडीत ओतायचे. फुंकणी नाही, पुठ्ठा हलवणं नाही, डोळ्यांतून पाणी नाही.

हे असं होतं, याचं कारण साधं आहे. लाकूड कोंडून, कमी हवेत भाजलं की त्यातला ज्योत धरणारा वायू निघून जातो आणि मागे उरतो कोळसा. म्हणून कोळसा लाकडासारखा भडकन पेट घेत नाही. त्याचं अंगच तापून लाल व्हावं लागतं आणि त्याच वेळी त्याला ताजी हवा मिळत राहावी लागते. वरून डिझेल ओतलं की जळतं ते डिझेल. ज्योत वर जाते, खालचा कोळसा गारच राहतो, दोन मिनिटांत सगळं शांत होतं, आणि मग माणूस पुन्हा बाटली उचलतो. खरा धोका या दुसऱ्या खेपेला असतो. अर्धवट तापलेल्या कोळशावर डिझेल पडलं की त्याची वाफ होते आणि भडका थेट बाटलीपर्यंत येतो. पेट्रोल तर पहिल्याच खेपेला धोक्याचं, काडी टेकायच्या आतच त्याची वाफ पेट घेते. डब्यात सगळं उलट होतं. गरम हवा वर चढते, खालच्या भोकांतून ताजी हवा आपोआप ओढली जाते आणि प्रत्येक थर वरच्या थराला तापवत जातो. धरणावरचा वारासुद्धा आडवा येत नाही, पत्र्याचा आडोसा असतो.

शेजारच्या तंबूत कॉलेजची मुलं होती. त्यांची डिझेलची बाटली संपत आली होती आणि चिकन अजून कच्चंच होतं. त्यातला एक जण येऊन म्हणाला, “ताई, तुमचं पेटलं पण? आम्ही तासभर झाला नुसता पुठ्ठा हलवतोय.” आमचे निखारे ओतून झाले होते, म्हणून डबा त्यांना दिला. त्यांच्या कोळशाला डिझेल लागलेलं होतं, तो बाजूला काढायला लावला आणि आमच्या पोत्यातला कोरडा भरून दिला. त्यांचीही शेगडी वीस मिनिटांत तयार झाली. डिझेलच्या धुरावर भाजलेल्या चिकनला जो वास लागतो, तो दही-आलं-लसणाच्या कितीही चांगल्या मसाल्याने झाकला जात नाही. त्या मुलांनी पहिला तुकडा तोंडात टाकल्यावर मला ते वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

पण त्या संध्याकाळी मला सगळ्यात जास्त शिकवलं, ते तंबूवाल्या दादांच्या आईने. मावशी चुलीवर भाकरी करत होत्या आणि मधून मधून आमच्याकडे बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, “आवं, नवा कोळसा उशीर लावनारच की. जुना घाला ना खाली.” आणि झाकणाच्या एका पत्र्याच्या डब्यातून त्यांनी ओंजळभर कोळसे काढून दाखवले. चुलीत स्वयंपाक झाला की लाल निखारे त्या या डब्यात भरतात आणि झाकण घट्ट लावून टाकतात. हवा तुटली की निखारे विझतात, राख होत नाहीत. हे एकदा जळून गेलेले कोळसे हलके, भेगाळलेले आणि अगदी कोरडे असतात. मावशींनी लहान शेगडीत ते पसरले, मध्ये चुलीतला एकच विस्तव ठेवला, त्यावर नारळाची करवंटी फोडून घातली आणि वर थोडा नवा कोळसा रचला. करवंटी खळखळून पेटते. कागद नाही, तेल नाही, काडीसुद्धा नाही. मी डब्यावर खूश होते, पण हे बघून मनापासून हात जोडले. पुढच्या वेळी डब्याच्या तळाला असेच जुने कोळसे घालायचे, वर नवे, हे मी तिथेच ठरवून टाकलं.

मावशींनी ओल्या कोळशाचा उपायही सांगितला. मावळातल्या पावसात कोळसा नुसत्या हवेनेही ओल धरतो. असा कोळसा त्या दिवसभर चुलीच्या कडेला पसरून ठेवतात. घरी गॅसच असेल, तर दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवावा आणि मग झाकणाच्या डब्यात भरावा. प्लास्टिकची पिशवी जाळून शेगडी पेटवायचा प्रकार मी अनेक ठिकाणी पाहिला आहे. तो धूर आपण खातो, मुलं खातात. तसं करू नये.

निखारे ओतल्यावर लगेच काही भाजायला ठेवू नये. वर राखेची पातळ साय येऊ द्यावी, मग आच एकसारखी होते. आम्ही निखारे एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी असे पसरले. दाट बाजूला कणसं आणि चिकन, विरळ बाजूला पनीर आणि कांदा. वांगी मात्र जाळीवर न ठेवता सरळ निखाऱ्यांत खुपसली. साल काळी ठिक्कर होऊन फाटते, देठाजवळून रस उकळून बाहेर येतो, तेव्हा काढायची. वहिनीने ती ताटलीत झाकून ठेवली, मग साल सोलून कच्चा कांदा, हिरवी मिरची, मीठ आणि कोथिंबीर घालून हातानेच कालवली. मावशींची भाकरी आणि हे भरीत, एवढ्यावर माझं जेवण झालं. चिकन मुलांनी संपवलं.

रात्री थंडी वाढली तेव्हा पलीकडच्या एका कुटुंबाने उरलेल्या निखाऱ्यांची शेगडी तंबूत नेली. मी आणि दादा उठून गेलो आणि त्यांना ती बाहेर काढायला लावली. ते आधी जरा नाराज झाले, पण तंबूवाल्या दादांनीही बजावून सांगितलं. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. दर हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्यांच्या मृत्यूच्या बातम्या उत्तरेकडून येतात. धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही, असं अजिबात नाही. तंबूत, गाडीत, बंद खोलीत शेगडी न्यायची नाही. पांघरूण जास्त न्या.

उरलेले निखारे आम्ही मावशींच्या पद्धतीने झाकणाच्या डब्यात कोंडले. पाणी ओतलं नाही. पाण्याने राख उडते, वाफेने हात भाजतो आणि कोळसा पुन्हा ओला होतो तो वेगळाच. सकाळी डबा उघडला तर गार, कोरडे, काळे तुकडे, पुढच्या खेपेला तयार.

परत येताना दुधिवरे खिंडीतून लोणावळ्याकडे निघालो. वाटेत लोहगड लागतो. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी हा एक. विंचूकाट्यापर्यंत, म्हणजे किल्ल्याच्या सोंडेसारख्या टोकापर्यंत, जाऊन आलो, उतरेपर्यंत कडकडून भूक लागली होती. लोणावळ्यात शिरताना रस्त्याकडेला एक ताई कणसं भाजत होत्या. शेगडीच्या पोटात पत्र्याची नळी, नळीच्या टोकाला हाताने फिरवायचा लोखंडी पंखा. दोन फेरे दिले की निखारे लालभडक. त्यांनाही विचारलं, सकाळी पेटवता कशाने? “कालचे कोळसे आणि करवंटी,” त्या म्हणाल्या, “नंतर हा पंखा हाय की.” हवा इथेही खालूनच येत होती. दादाने मूठ हातात घेऊन पंखा फिरवून बघितला, किंमत विचारली. आता सवड काढून पुण्यातल्या बोहरी आळीत जायचं, तसा पंखा मिळतो का बघायचा आणि येताना मुलांच्या आग्रहाखातर पाच लिटरचा आणखी एक डबा आणायचा, असं ठरलं आहे.